चार्ज कोणाकडे होता

रविवार, ८ ऑक्टोबर

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत, तूही बरा असशील असं धरून पुढे लिहिते. फोनवर आपलं काय होतं ते तुला ठाऊकच आहे. तू 'हं' म्हणतोस, मी 'बरं मग' म्हणते आणि दोघंही सुटतो. म्हणून पत्र.

आधी बातम्या. बाबांच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. डाव्याचा पुढच्या वर्षी. निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली तरी सकाळी नळाला पाणी आलं की कान लावून आज कोणता पंप चालू आहे ते सांगतात, आणि मग पंपिंग स्टेशनला फोन करून खात्री करून घेतात. तिथले नवे ऑपरेटर वैतागत असतील, पण फोन उचलतात बिचारे. मागच्या आठवड्यात बाबांचा अंदाज चुकला तर दिवसभर घुम्यासारखे बसून होते.

माझं ऑफिस तेच, खुर्ची नवी. अजूनही अपघाताचे विमा दावे तपासते. 'अपघात कसा घडला ते आपल्या शब्दांत लिहा' या प्रश्नाखाली तीन ओळींची जागा असते, आणि त्या तीन ओळींत माणसं काय काय गाळतात ते शोधणं हे माझं काम. मला ऑफिसात 'शेरेवाल्या बाई' म्हणतात. तोंडावर नाही म्हणत.

आता मुद्दा. धाकटीने धबधब्याला जायचं ठरवलं आहे. तोच धबधबा. रविवार, २९ तारीख, सकाळी निघून संध्याकाळी घरी. तिच्या मुलीने तिला विचारलं की आई, तुझा पाय असा कुठे झाला, तर ही म्हणाली, चल, दाखवतेच. मी म्हटलं, अगं, बाबांना काय वाटेल, जरा विचार कर. तर म्हणते, "ताई, पाय माझा, धबधबा माझा. तुम्ही फक्त डबे आणा."

बाबांना तिनेच विचारलं. त्यांनी इतकंच विचारलं, "गाडी कोण चालवणार?" धाकटीच चालवणार. तिच्या ड्रायव्हिंग स्कूलची गाडी आहे, दोन ब्रेकवाली. एक ब्रेक चालवणाऱ्याच्या पायाशी, दुसरा शेजारी बसणाऱ्या शिक्षकाच्या. हे ऐकल्याबरोबर बाबांनी जाहीर केलं की पुढे मी बसणार. धाकटी म्हणाली, "बाबा, दहा वर्षं मी लोकांना गाडी शिकवतेय." ते म्हणाले, "शिकव की. मी ब्रेकला पाय लावणार नाही. पण ब्रेकपाशी कोणीतरी लागतंच." परवा तिने त्यांना बाजारात नेलं तर वाटेत चार वेळा गाडी जागच्या जागी थांबली. मागचा रिक्षावाला काय बोलला ते लिहीत नाही.

तिच्या मुलीला या सगळ्याचा अर्थ लागेना, म्हणून मी तिला 'चार्ज' समजावून सांगितला. तुझे आजोबा पंपावर होते, तिथे शिफ्ट संपली की जाणारा माणूस म्हणायचा 'चार्ज दिला' आणि येणारा म्हणायचा 'घेतला'. नुसतं तोंडाने म्हणून भागायचं नाही, मीटरकडे बघून म्हणायचं, मग रजिस्टरमध्ये दोघांनी सह्या करायच्या. आजोबांनी तीच पद्धत घरात आणली. आजी बाहेर निघाली की म्हणायची, दुधाचा चार्ज दिला, आणि आमच्यापैकी कोणीतरी दुधाकडे बघून म्हणायचं, घेतला. ती खूप हसली. मग विचारलं, "आणि दूध उतू गेलं तर?" मी म्हटलं, मग आजोबा विचारायचे, चार्ज कोणाकडे होता. "आणि मारायचे?" नाही, म्हटलं, मारायचे नाहीत. पुन्हा दुधाचा चार्ज द्यायचे नाहीत, एवढंच.

एवढं सांगून मी दुसरं काहीतरी काढलं.

गाडीत पाच जागा आहेत. धाकटी, तिची मुलगी, बाबा, मी. जावईबापू रविवारी कामावर असतात. पाचवी जागा तुझी आहे, असं धाकटी म्हणते, आणि तुला लिहायचं काम तिने माझ्याकडे दिलं. तुला दोन दिवसांची रजा टाकावी लागेल.

मागच्या वेळी, आई गेली तेव्हा, बाबांनी तुझ्या देखत घराची किल्ली शेजारच्या शिंपीकाकांच्या हातात दिली, ते त्यांनी मुद्दाम केलं नसेल. हे वाक्य लिहून मी बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले. खरं आहे म्हणून नाही लिहिलं, सोपं आहे म्हणून लिहिलं. खोडत नाही, राहू दे.

जमेल का ते कळव. डब्यात उकडलेली अंडी घेणार आहोत, तुला चालतात ना अजून?

तुझी,
मधली


गुरुवार, १९ ऑक्टोबर

प्रिय दादा,

तुझं पत्र सोमवारी मिळालं. नमस्कार-चमत्कार धरून चार ओळी. अंडी चालतात, हे कळलं. उरलेल्या दोन ओळी अशा आहेत (तुझ्याच शब्दांत उतरवते, म्हणजे मला गोल गोल बोलता येणार नाही): 'मी आलो तर बाबा दिवसभर त्या पोरीला माझ्यापासून लांब ठेवतील. ते बघायला मी रजा टाकू का, ते तूच सांग.'

तूच सांग, असं लिहिलं आहेस. ते तू सहज लिहिलंस की विचार करून, हे मला कळलं नाही. सहज असेल असं मी सोमवारी ठरवलं, मंगळवारी ते पटेना, आणि काल बुधवारी रजा टाकून एकटीच धबधब्यावर जाऊन आले. घरी सांगितलं, जागेची पाहणी करायला जाते. तीही केली, तेव्हा आधी ती लिहिते.

गाडीने अडीच तास लागतील, बसने मला सव्वातीन लागले. गाड्या थांबतात तिथून खाली एकशे शहाऐंशी पायऱ्या आहेत. बाबांना सगळ्या झेपणार नाहीत. पण एकसष्टाव्या पायरीला वळणावर सिमेंटचा बाक आहे आणि तिथून पाणी पूर्ण दिसतं. स्वच्छतागृह वरच आहे, दाराला आतून कडी नाही, म्हणजे बाहेर एकीने उभं राहायचं. चहाची टपरी आहे. खाली कमरेइतक्या उंचीचं लोखंडी रेलिंग केलं आहे आणि त्यावर पाटी. तो सपाट खडक आता रेलिंगच्या पलीकडे आहे.

त्या दिवशी त्याच खडकावर मी बसले होते. मला वाटलं होतं की ओळखू येणार नाही, पण लगेच आला.

पाऊस संपून महिना झाला तरी पाण्याला जोर होता. मी सोबत माझी त्या वर्षीची वही नेली होती. तुला आठवत असेल, मी तेव्हाही रोज लिहायचे. तू म्हणायचास, मधलीला जेवण नको, वही द्या. त्या दिवसाच्या पानावर सगळं आहे. बाबांच्या खात्याने केलेली बस, बसचा नंबर, आईच्या साडीचा रंग, वाटेत टायर बसला ते. शेवटचं वाक्य असं: 'पाणी जिथे खाली पडतं तिथे ते पांढरं नसून'. पुढे काही नाही. पांढरं नसून काय होतं ते मला आजही आठवत नाही. काल बघितलं तर पांढरंच होतं.

ते वाक्य लिहीत होते तेव्हा तू आलास. आई-बाबा वर बसपाशी होते. तू म्हणालास, "मधले, मी बाटल्या भरून आणतो. धाकटीचा चार्ज दिला." मी म्हटलं, "घेतला." मान वर केली नाही. धाकटी कुठे उभी आहे ते बघितलं नाही. तू गेलास. तिची चप्पल पाण्यात गेली, ती चपलेमागे शेवाळावर गेली, आणि मी वाक्य शोधत होते.

हे तुला नवीन नाही. पण चोवीस वर्षांत मी ते तुला किंवा कोणालाही एकदाही तोंडाने सांगितलेलं नाही. आज पहिल्यांदा लिहिलं.

दवाखान्यातलंही लिहिते, कारण खरं तिथे आहे. बाकावर तू, मी, मध्ये आईची पिशवी. बाबा समोर उभे राहिले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "चार्ज कोणाकडे होता?" तू माझ्याकडे बघितलंस. मला ते दिसलं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले. सव्वासहा झाले होते. मग तू म्हणालास, "माझ्याकडे." बाबांनी मान हलवली, आणि संपलं. तुला ओरडले असते तर एकदाचं होऊन गेलं असतं. ते ओरडले नाहीत. त्यांनी तुला परत कसलाच चार्ज दिला नाही. ना स्कूटरची किल्ली, ना आईचं औषध, ना धाकटीला शाळेत सोडणं. तिला दर गुरुवारी पायाच्या व्यायामाला न्यायचं काम माझ्याकडे आलं. "ही लक्ष देते," म्हणाले. तू दारात चपला घालत होतास. तीन महिन्यांत तू नोकरी बघून दुसऱ्या गावी गेलास.

आज तिकडे लिफ्ट तपासून दाखले देतोस. आख्खं शहर तुझ्या सहीवर वर-खाली करतं आणि बापाच्या घरात तुला किल्ली नाही.

मी स्वतःला काय सांगत आले तेही लिहिते, नाहीतर हे पत्र म्हणजे माझ्या टेबलावर येणारा आणखी एक अर्ज होईल. मी म्हणायचे, नियमाने चार्ज दादाकडेच होता. घेणाऱ्याने बघितलं नाही तर चार्ज गेला असं धरत नाहीत. दादाला हे माहीत होतं, म्हणूनच तो 'माझ्याकडे' म्हणाला. त्याने मला वाचवलं नाही, फक्त नियम पाळला. असं मी दोन-दोन महिने स्वतःला पटवू शकत असे. मग कोणाचा तरी अर्ज यायचा, 'मी तिथे होतो परंतु माझे लक्ष नव्हते', आणि मी त्यावर लाल पेनाने शेरा मारायचे: लक्ष नव्हते म्हणजे काय करत होता, ते लिहा.

तू का म्हणालास रे तसं? मी चोवीस वर्षं विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर कबूलच करावं लागलं असतं.

तू म्हणतोस, तूच सांग. तुला सांगायच्या आधी मला बाबांना सांगायला हवं. शनिवारी संध्याकाळी आम्ही धाकटीकडे सामानाची यादी करायला जमणार आहोत. तेव्हा सांगेन. ते सांगून झालं की मग तुला लिहीन. रजा टाकायची की नाही ते तोवर ठरवू नकोस.

मधली


सोमवार, २३ ऑक्टोबर

प्रिय दादा,

सांगितलं.

जसं झालं तसं लिहिते. धाकटीच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी आम्ही होतो. ती यादी करत होती, तिची मुलगी रविवारसाठी आणलेली अंडी मोजत होती, बाबा चष्मा पुसत होते. मी सकाळपासून दोन-तीन सुरुवाती पाठ केल्या होत्या, त्यातली एकही उपयोगी पडली नाही.

मी म्हटलं, "बाबा, त्या दिवशी चार्ज माझ्याकडे होता."

"कोणत्या दिवशी?" म्हणाले, पण चष्मा पुसायचे थांबले.

"धबधब्याच्या. दादाने दिला होता. मी घेतला म्हटलं होतं."

"बघितलंस तिच्याकडे?"

"नाही. लिहीत होते."

"मग तो घेतलेला धरत नाहीत," बाबा म्हणाले. पंपावर कोणी विचारलं असतं तर म्हणाले असते, तशाच आवाजात. "न बघता घेतलेला चार्ज देणाऱ्याकडेच राहतो. त्याने तुझी मान वर होईपर्यंत थांबायला हवं होतं."

दादा, माझीच सबब, शब्दाला शब्द. बाबांनी ती अशी आयती हातात दिली, आणि एक क्षण मला खरंच वाटलं की घ्यावी. हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं.

मग मी म्हटलं, "बाबा, पंपाला तो नियम ठीक आहे. दादा माझ्या शब्दावर तिथून गेला. आणि दवाखान्यात तुम्ही विचारलंत तेव्हा मी कुठे काय लिहीत होते? ऐकलं होतं की मी. गप्प बसले."

भाची म्हणाली, "म्हणजे आईचा पाय मावशीमुळे मोडला?"

"पाय दगडात अडकून मोडला," धाकटी म्हणाली. "चपलेमागे मी गेले होते, मावशी नाही. तू अंडी मोज." मग माझ्याकडे न बघता, यादीवर लिहीत लिहीत म्हणाली, "मला माहीत होतं, ताई."

"काय माहीत होतं?"

"तू घेतला म्हणालीस ते. तिथेच तर होते मी, तुझ्या मागे."

मी विचारलं, मग बोलली का नाहीस इतकी वर्षं? ती म्हणाली, "नऊ वर्षांची होते. दर गुरुवारी मला न्यायला तूच. तुझ्याशी बिघडवून कोणाबरोबर जाणार होते? आणि नंतर मग सवयच झाली." यादीत एक ओळ लिहून म्हणाली, "शिवाय मला कोणी विचारलंच कुठे? सगळ्यांनी दादाला विचारलं. पाय माझा होता."

अपघातस्थळी हजर असलेल्या माणसाचा जबाब घेतलेला नाही, म्हणून मी दर आठवड्याला चार-पाच दावे परत पाठवते.

बाबा चष्मा तसाच हातात धरून बसले होते. त्याच्याकडे बघतच म्हणाले, "दोन सह्या लागतात. देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची. मी एकीवर पान उलटलं." हे ते आमच्याशी बोलले की स्वतःशी, कोण जाणे. मग उठून हात-पाय धुवायला गेले. नळ किती तरी वेळ चालू होता. धाकटी म्हणाली, आजोबांना बघून ये गं, तर मुलगी जाऊन आली आणि सांगितलं, काही नाही, नुसते उभे आहेत.

बाहेर आले आणि यादी ओढून घेतली. खाली धाकटीने गाडीत कोण कुठे बसणार ते लिहिलं होतं. त्यावर बोट ठेवून म्हणाले, "पुढे तो बसेल."

"कोण?"

"तुमचा दादा. ब्रेकपाशी."

धाकटी म्हणाली, "बाबा, मागे बसलं की तुम्हाला गरगरतं."

"गरगरू दे."

यावर मुलगी म्हणाली, "आणि मामा आलाच नाही तर?" बाबा म्हणाले, "तर पुढची जागा रिकामी जाईल. तिथे मी बसणार नाही." धाकटीने लगेच लिहून टाकलं. त्यांचं मन बदलायच्या आत, असं मला नंतर म्हणाली.

एवढंच झालं. तू आता डोळ्यांत पाणी वगैरे आणू नकोस, तिथे कोणी आणलं नाही. ते तुझी माफी मागतील असं मला वाटत नाही. मला त्यांनी चांगलं-वाईट काहीही म्हटलेलं नाही. मात्र त्यांच्या गोळ्यांची आठवड्याची डबी दर रविवारी मी भरते, ती काल मी पोचायच्या आधी त्यांनी स्वतःच भरून ठेवली होती. एका डोळ्याने. बुधवार आणि शुक्रवारच्या खणांत चूक होती. मी हात लावला नाही, धाकटीला फोन करून तिच्याकडून दुरुस्त करून घेतली. तुला चोवीस वर्षं कसं वाटलं असेल याचा मला एका रविवारपुरता अंदाज आला. तक्रार म्हणून लिहीत नाही.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर. ते मुलीला तुझ्यापासून लांब ठेवणार नाहीत, असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. सवय जुनी आहे. पण ब्रेकपाशी त्यांनी तुला बसवलं आहे, आणि ते मी मागितलं नव्हतं. यायचं की नाही ते तू ठरव. माझं सांगून झालं म्हणून तू यायलाच हवंस, असं नाही. तुझ्या रागावर तुझा हक्क आहे आणि त्यातला बराचसा माझ्यावर असायला हवा. आलास तर शनिवारी रात्री माझ्याकडे उतर. रविवारी पावणेसातला धाकटी गाडी घेऊन येईल. एकसष्टाव्या पायरीवर बाबा बसतील. मी वही घरी ठेवणार आहे.

आणि एक नोंद राहिली आहे, ती इथे करते.

वेळ: दुपारी बाराच्या सुमारास. जागा: धबधब्याखालचा सपाट खडक. धाकटी, वय वर्षे नऊ.
चार्ज दिला: दादा.
चार्ज घेतला:

मधली